पाण्यात बुडालेले एलिमेंट जळते कसे?

विजेच्या गीझरचे एलिमेंट 'जळाले' असे दुरुस्ती करणारा सांगतो, तेव्हा घरातल्या चौकस विद्यार्थ्याला एक शंका यायला हवी. जी वस्तू कायम पाण्यात बुडालेली असते ती जळेल कशी? दुरुस्ती करणारा बाहेर काढलेली वाकडी नळी दाखवतो. तिच्यावर पांढरट-पिवळे, दगडासारखे टणक पुट चढलेले असते. "बोअरचं पाणी आहे ना तुमच्याकडे? क्षार फार आहेत," एवढे बोलून तो नवे एलिमेंट बसवतो. त्याचे निदान बरोबरच असते. पण त्याच्या जोडीला बहुतेक वेळा आणखी एक वाक्य ऐकू येते: "या थरामुळे तुमचं लाइटबिलही वाढत होतं." हे दुसरे विधान मात्र तपासून घेतले पाहिजे. त्यासाठी थोडे रसायनशास्त्र आणि उष्णतेच्या वहनाचे नववी-दहावीतले नियम पुरेसे आहेत.

पाण्यात चुना येतो कोठून?

ज्या पाण्यात साबणाला सहज फेस येत नाही ते दुष्फेन पाणी व ज्यात येतो ते सुफेन पाणी, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचले आहेच. बोलताना आपण 'जड पाणी' म्हणतो. शास्त्राच्या वर्गात तो शब्द टाळलेला बरा, कारण भौतिकीत जड पाणी म्हणजे साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम असलेले, अणुभट्टीत वापरले जाणारे पाणी. आपल्या गीझरशी त्याचा काही संबंध नाही.

पावसाचे पाणी मुळात सुफेन असते. ते जमिनीत मुरताना मातीतल्या हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड वायू त्यात विरघळतो. मुळांच्या व जिवाणूंच्या श्वसनामुळे मातीतल्या हवेत हा वायू बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. अशा रीतीने तयार झालेले सौम्य कार्बनिक आम्ल खडकावर हळूहळू काम करीत राहते. महाराष्ट्राचा फार मोठा भाग बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या कातळाचा आहे. त्यातल्या खनिजांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ही दोन्ही मूलद्रव्ये असतात. शिवाय काळ्या मातीत जागोजाग चुनखडीचे खडे सापडतात. कॅल्शियम कार्बोनेट शुद्ध पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पण पाण्यात कार्बन डाय-ऑक्साइड असला की त्याचे बायकार्बोनेट बनते व ते सुखाने विरघळते. समीकरण शब्दांत लिहू:

कॅल्शियम कार्बोनेट + पाणी + कार्बन डाय-ऑक्साइड ⇌ कॅल्शियम बायकार्बोनेट

दोन्हीकडे टोके असलेल्या बाणाकडे नीट पाहा. गीझरची सारी कथा त्या बाणात आहे.

मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या जलाशयांतून येणारे किंवा पुण्याला खडकवासल्याहून येणारे पाणी मुख्यतः पावसाचे असते. खडकात मुरायला त्याला फारसा वेळ मिळालेला नसतो, म्हणून ते बरेच सुफेन असते. पण पुण्याच्या कडेला वाढलेल्या वस्तीत उन्हाळ्यात हे पाणी अपुरे पडले, की सोसायटीच्या टाकीत बोअरचे किंवा टँकरचे पाणी मिसळू लागते. मग महिन्याभरात नळाच्या तोटीवर पांढरे डाग दिसतात, तुरीची डाळ शिजायला वेळ लागतो आणि न्हाल्यावर केस चिकट राहतात. यांत्रिक बिघाड त्यानंतर येतात.

दुष्फेनता मोजण्याची रीत अशी की, पाण्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियम किती कॅल्शियम कार्बोनेटच्या बरोबरीचे आहे ते दर लिटरला मिलिग्रॅममध्ये सांगायचे. पिण्याच्या पाण्यासाठी आय. एस. १०५०० या भारतीय मानकात (२०१२) ही मर्यादा २०० आहे. दुसरे पाणी उपलब्धच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आपण आपल्या हिशेबासाठी ३०० हा आकडा धरू.

साबणाचे नुकसान आधी झटकन पाहून घेऊ. १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटच्या बरोबरीचा क्षार सुमारे ६१२ ग्रॅम साबणाचा (सोडियम स्टिअरेटचा) साका करून टाकतो. २० लिटरच्या एका बादलीत आपल्या पाण्याचा असा क्षार ६ ग्रॅम असतो. म्हणजे फेसाचा पहिला बुडबुडा टिकण्यापूर्वीच सुमारे ३७ ग्रॅम साबण फुकट जातो! बादलीवर तरंगणारा तो चिकट राखाडी थर म्हणजे हाच साबण. धुण्याच्या पावडरी या बाबतीत बऱ्या, कारण त्यांचे कॅल्शियम क्षार असा साका धरत नाहीत व शिवाय पाणी सुफेन करणारी द्रव्ये त्यांत आधीच घातलेली असतात.

गरम जागीच थर का बसतो?

साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. त्यामुळे सगळेच पदार्थ तसे वागतात असा आपला समज होतो. कॅल्शियम कार्बोनेट याच्या उलट वागते. पाणी तापले की त्यातला कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो, वरच्या समीकरणातला बाण डावीकडे वळतो आणि न विरघळणारे कार्बोनेट बाहेर पडते. उकळल्याने जाणारी ही अस्थायी दुष्फेनता. कॅल्शियम सल्फेटमुळे येणारी दुष्फेनता उकळून जात नाही, म्हणून तिला स्थायी म्हणतात. पण त्याचीही विद्राव्यता सुमारे ४० अंशांच्या पुढे घटत जाते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. तेव्हा या दोन्ही क्षारांना पाण्यातली सर्वांत गरम जागा ही बसण्यासाठी सर्वांत सोयीची जागा.

येथे कोणी म्हणेल, "आमचा गीझर ६० अंशांवर लावलेला आहे, पाणी उकळतच नाही." पाणी ६० अंशांवर असते हे खरे, पण एलिमेंटचा पृष्ठभाग नाही. २००० वॉटचे एलिमेंट ८ मिलिमीटर जाड आणि सुमारे ८० सेंटिमीटर लांब आहे असे समजू. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २०० चौ. सें.मी. भरेल. म्हणजे दर चौ. सें.मी. मधून १० वॉट उष्णता बाहेर पडली पाहिजे. एवढी उष्णता घेऊन जाण्यासाठी पाण्याला एलिमेंटच्या अगदी लगत उकळावे लागते. गीझर सुरू केल्यावर काही वेळाने जो सूं-सूं आवाज येतो तो या बारीक बुडबुड्यांचा. ते पृष्ठभागावर जन्मतात आणि दूरच्या थंड पाण्यात शिरताच विरतात. म्हणून स्वच्छ एलिमेंटचा पृष्ठभाग १०० अंशांच्या थोडा वरच असतो, मग थर्मोस्टॅट कोठेही लावलेला असो.

थर किती बसेल? घरात रोज ६० लिटर पाणी तापते असे धरू. त्यात एकूण १८ ग्रॅम क्षार असेल. त्यातला समजा एक तृतीयांश बाहेर पडला आणि त्याचाही फक्त दहावा हिस्सा एलिमेंटवर चिकटला (उरलेला टाकीच्या तळाशी गाळ होऊन बसतो किंवा पाण्याबरोबर बादलीत येतो), तरी वर्षाला २०० ग्रॅमच्या वर पुट चढते. ते २०० चौ. सें.मी. वर पसरले तर जाडी चार मिलिमीटरच्या घरात जाते. हे हिस्से मी अंदाजाने धरले आहेत. प्रत्यक्षात पुटाचे तुकडे गळूनही पडत असतात. पण हिशेब कोणत्या मापाचा आहे हे त्यावरून कळेल.

आता मुख्य प्रश्न

या पुटाची उष्णतावाहकता त्याच्या घट्टपणावर अवलंबून असते. साधारणपणे ती १ वॉट प्रति मीटर प्रति अंश एवढी धरतात. तांब्याची सुमारे ४०० आहे. आणि पाण्याची? फक्त ०.६. म्हणजे नुसत्या वाहकतेचा विचार केला तर पाणी हे पुटापेक्षाही वाईट वाहक आहे! मग पाणी चालते आणि पुट का चालत नाही? कारण पाणी हलते. तापलेले पाणी वर जाते, त्याच्या जागी थंड पाणी येते, बुडबुडे त्याला ढवळतात. पुट जागचे हलत नाही. त्यातून उष्णता जायची तर ती केवळ वहनानेच, कणाकडून शेजारच्या कणाकडे अशी जाणार. अभिसरण बंद करणे हाच पुटाचा खरा अपराध आहे.

दर चौ. सें.मी. ला १० वॉट म्हणजे चौरस मीटरला १,००,००० वॉट. जाडी १ मिलिमीटर म्हणजे ०.००१ मीटर. वहनाच्या सूत्राप्रमाणे पुटाच्या दोन बाजूंच्या तापमानांतला फरक असा येईल:

१,००,००० × ०.००१ ÷ १ = १०० अंश

नळी गोल असल्यामुळे, पुट बाहेरच्या बाजूला पसरत जाते तसा प्रत्यक्ष फरक थोडा कमी भरतो: एका मिलिमीटरला सुमारे ९०, दोनला १६०, तीनला २२५ अंशांच्या आसपास. पुटाच्या बाहेर पाणी १००-११० अंशांवरच आहे. तेव्हा तीन मिलिमीटर पुटाखाली एलिमेंटचे कवच सव्वातीनशे अंशांपलीकडे गेलेले असते, आणि आतली नायक्रोमची तार त्याहूनही तापलेली. कवचाचा धातू रोज एवढा तापून रोज निवतो. पुट आणि धातू यांचे प्रसरण सारखे नसते. कवचाला कधी तरी बारीक चीर जाते, तिच्यातून पाणी आतल्या मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भुकटीत शिरते आणि विरोधन संपते. मग तार तुटते, फ्यूज जातो किंवा संरक्षक स्विच 'पडतो'. अर्थिंग नीट नसेल तर नळाला हात लावणाऱ्याला झटकाही बसू शकतो. एकूण प्रकरणातला सर्वांत गंभीर धोका हा आहे. नव्या एलिमेंटची किंमत नव्हे.

म्हणजे पाण्यात बुडालेली वस्तू जळते, याचा अर्थ एवढाच की ती पाण्यात बुडालेली राहिलेलीच नसते. ती दगडात पुरलेली असते.

वीजबिल वाढते का?

यासाठी आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. एलिमेंटला २३० व्होल्टचा दाब मिळतो, त्याचा रोध सुमारे २६ ओहम आहे, त्यातून ८.७ अँपिअर प्रवाह वाहतो व २००० वॉट उष्णता निघते. बाहेर पुट आहे की नाही हे विजेला कळत नाही. नायक्रोमचा रोध तापमानाबरोबर फारच थोडा बदलतो, म्हणून वॉट जवळजवळ तेवढेच राहतात. ही उष्णता जाणार कोठे? एलिमेंटच्या चारी बाजूंना पाणीच आहे. ती पाण्यातच गेली पाहिजे. वाट बिकट झाली म्हणून ती कमी होत नाही. ती वाट पार करण्याइतका तापमानातला फरक उत्पन्न होईपर्यंत एलिमेंट तापत जाते, एवढेच.

१५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला १५ × ४.२ × ३५, म्हणजे सुमारे २२०५ किलोज्यूल उष्णता लागते. २ किलोवॉटने त्याला १८ मिनिटांच्या वर वेळ लागेल. दोन मिलिमीटर पुट असेल तर ते पुट आणि एलिमेंट स्वतः जास्त तापवण्यात आणखी वीस-पंचवीस सेकंद जातील. आणि बटण बंद केल्यावर त्यातली बहुतेक उष्णताही पाण्यातच उतरेल. तेव्हा 'पुटामुळे बिल वाढले' हे बुडत्या एलिमेंटच्या गीझरबाबत फारसे खरे नाही. थर्मोस्टॅटच्या नळीवर पुट बसून त्याला पाण्याच्या तापमानाची वर्दी उशिरा मिळू लागली तर थोडा फरक पडेल. पण तो दोष नियंत्रणाचा आहे, उष्णता वाया जाण्याचा नाही. ज्यांना खात्री करून घ्यायची असेल त्यांनी एलिमेंट साफ करण्याच्या आधी व नंतर घड्याळ लावून पाहावे. थंड पाण्याचे तापमान दोन्ही वेळा सारखे हवे, एवढी काळजी घ्यावी.

आता हेच पाणी तांब्याच्या बंबात घाला. बंबात मधल्या नळीत जाळ असतो आणि भोवती पाणी. येथे वीज ठरावीक वॉट ढकलत नाही. जाळाचे तापमान ठरलेले असते आणि पाण्यात न शिरलेल्या उष्णतेला वर धुराड्याची वाट मोकळी असते. पुट आले की काही उष्णता खरोखरच बाहेर जाते. विजेच्या भाषेत सांगायचे तर बंब हा बॅटरीसारखा आहे: रोध वाढला की प्रवाह कमी. एलिमेंट हे ठरावीक प्रवाह देणाऱ्या साधनासारखे आहे: रोध वाढला की दाब, म्हणजे येथे तापमान, वाढते. पदवीच्या विद्यार्थ्यांनाही हा फरक सांगावा लागतो.

मात्र बंबातले नुकसानही फुगवून सांगू नये. जाळाचा वायू व धातू यांच्यामध्ये वायूचा एक पातळ, जवळजवळ स्तब्ध थर असतो, आणि वायूंची वाहकता पुटाच्या वीस ते चाळीस पटींनी कमी आहे. खरा अडसर तो. त्यात मिलिमीटरभर पुटाची भर पडली तर नुकसान थोड्या टक्क्यांचे होईल, निम्मे-अर्धे नव्हे. सौर बंब याच जातीचा. तापमान वाढले की त्याच्या तबकडीतून जास्त उष्णता हवेत परत जाते. पण तेथे खरी डोकेदुखी निराळीच असते, ती म्हणजे बारीक तांब्याच्या नळ्या बुजणे. ८ मिलिमीटर पोकळीच्या नळीत सर्व बाजूंनी एक मिलिमीटर पुट बसले की पोकळी ६ मिलिमीटर राहते, आणि वाट क्षेत्रफळाने ४४ टक्के कमी होते. गॅसच्या गीझरमधली वेटोळी नळीही अशीच बुजते. वाफेच्या इस्त्रीची छिद्रे तर मिलिमीटरभरच असतात. तीत दुष्फेन पाणी घालू नये, हे वेगळे सांगायला नको. पाणी शुद्ध करणाऱ्या आर. ओ. यंत्रात पडद्याच्या एका बाजूला क्षार संहत होत जातात आणि तेथे न तापवताही पुट धरते.

उपाय

पुट हे कार्बोनेट असल्यामुळे ते आम्लात विरघळते. किटलीसाठी किंवा काढलेल्या एलिमेंटसाठी सायट्रिक आम्ल (वाण्याकडे मिळणारे लिंबूफूल) चांगले. पुटाच्या वजनाच्या दीडपट आम्ल पुरते. पाणी कोमट असावे, उकळते नको. उकळत्या संहत द्रावणात कॅल्शियम सायट्रेट बाहेर पडते आणि एक पुट काढताना दुसरे बसते. संडास साफ करण्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल मात्र यासाठी कोणी वापरू नये. ते धातूही खाते, ॲल्युमिनिअमवर तर झपाट्याने, आणि ब्लीचिंग पावडरशी गाठ पडली तर विषारी क्लोरिन वायू सुटतो. गीझर उघडण्याचे काम वीज मुख्य स्विचपासून बंद करून माहीतगारानेच करावे.

पुट होऊच नये म्हणून पाणी सुफेन करता येते. ॲबर्डीन येथील प्राध्यापक टॉमस क्लार्क यांनी १८४१ मध्ये चुन्याची निवळी घालून अस्थायी दुष्फेनता काढण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. चुना घालून चुना काढायचा, ही कल्पना ऐकायला विचित्र वाटते. पण जास्तीचा कार्बन डाय-ऑक्साइड चुन्याने शोषला गेला की बायकार्बोनेटला तग धरता येत नाही. आज घरांत रेझिनची टाकी बसवतात. रेझिन कॅल्शियम धरून ठेवते व त्याच्या बदल्यात सोडियम देते. थकले की मिठाच्या पाण्याने ताजे करतात. अशा पाण्यात सोडियम वाढते, म्हणून ते अंघोळीला व धुण्याला वापरून पिण्याचा नळ वेगळा ठेवणे बरे. शिवाय फार सुफेन पाणी लोखंडी नळ गंजवते. पुटाचा अगदी पातळ थर नळाचे रक्षण करतो. पाणी पुट धरणार की पुट खाणार, हे आधी वर्तवण्याची रीत लँगेलिअर यांनी १९३६ मध्ये दिली आणि ती आजही वापरात आहे. सर्वांत स्वस्त उपाय मात्र थर्मोस्टॅट ५०-५५ अंशांवर ठेवणे आणि वर्षातून एकदा एलिमेंट पाहून घेणे हाच.

एक इशारा खिशातल्या टी. डी. एस. मीटरविषयी. हे यंत्र पाण्याची विद्युत्वाहकता मोजते आणि तीवरून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगते. मीठ आणि चुना यांतला भेद त्याला कळत नाही. विदर्भात पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात भूजलात सोडियमचे क्षार फार आहेत. तेथे मीटर मोठा आकडा दाखवील, पण त्यातला सोडियमचा वाटा एलिमेंटवर पुट धरणार नाही. दुष्फेनता मोजायची तर महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ई. डी. टी. ए. चे अनुमापन करतात. त्यात द्रावणाचा लालसर रंग निळा होतो.

शाळेत मात्र साबण पुरेसा आहे. अंगाच्या साबणाचा पातळ द्राव करा (डिटर्जंट चालणार नाही). सारख्या चार बाटल्यांत प्रत्येकी ५० मिलिलिटर पाणी घ्या: पावसाचे किंवा बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी, नळाचे, बोअरचे, आणि बोअरचेच पण दहा मिनिटे उकळून, निववून, गाळून घेतलेले. उकळताना आटलेले पाणी शुद्ध पाण्याने भरून काढायला विसरू नका. ड्रॉपरने थेंब-थेंब द्राव घालून दर वेळी बाटली हलवा, आणि फेस दोन मिनिटे टिकेपर्यंत किती थेंब लागले ते मोजा. पहिल्या बाटलीचे थेंब प्रत्येक आकड्यातून वजा करा. तिसऱ्या आणि चौथ्या बाटलीतला फरक ही अस्थायी दुष्फेनता. चौथीत जे उरते ती स्थायी. चौथ्या बाटलीसाठी ज्या भांड्यात पाणी उकळले त्याच्या तळाला बोट लावून पाहा. तो खरखरीतपणा म्हणजेच एलिमेंटवरचे पुट.